बंडी, रेंगी आणि डबल केबिन

नागपूरहून वर्ध्याकडे निघालं की पन्नासेक किलोमीटरवर केळझर लागतं. टेकडीवर सिद्धिविनायकाचं देऊळ, विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. चतुर्थीला पायथ्याशी गाडी लावायला जागा मिळणं कठीण. अशाच एका चतुर्थीला मी तिथं उभा असताना एक पिकअप येऊन थांबली. हौद्यात सतरंजी अंथरलेली आणि तिच्यावर सात-आठ बाया नि पोरं. फाळक्याची कडी गच्च बसलेली, म्हणून सगळे बाजूनंच उतरू लागले. पोरं टणाटण उड्या मारून पळाली. शेवटी उरली आजी. तिनं एका हातानं हौद्याची कड धरली होती, दुसऱ्या हातात नारळाची पिशवी होती. पाय खाली सोडून ती टायर शोधत होती आणि खाली उभी असलेली नात तिचा घोटा धरून तो टायरवर टेकवून देत होती. चालक आणि घरचे दादा केबिनमधून केव्हाच उतरून चपला काढायला गेले होते.

ती आजी मनातून जाईना. पिकअप घेताना घरात आठ-आठ दिवस चर्चा चालते. हप्ता किती, ॲव्हरेज किती, हौदा किती फुटांचा, पाटे किती पानांचे, सगळं विचारलं जातं. केबिन सिंगल की डबल, हा प्रश्न मात्र दोन मिनिटांत निकालात निघतो. ‘‘भाऊ, सिंगलमध्ये हौदा तीन फूट जास्त भेटते,’’ असं विकणारा सांगतो आणि विषय संपतो. एकदा अशाच बोलण्यात सोबत आलेल्या बाईंनी विचारलं होतं, ‘‘अन् आम्ही कुठं बसाचं?’’ त्यावर कुणी काही बोललं नाही. त्यांच्या त्या प्रश्नाचा हा आढावा आहे. गाडीत माणसं किती, माल किती, वाट कशी आणि या तिन्हींना मिळून कोणती केबिन सोयीची, हे केळझर-सेलू भागातल्या कास्तकाराच्या बाजूनं इथं पाहू.

जुनी वाटणी

आपल्या बापजाद्यांनी हा प्रश्न सोपा करून ठेवला होता. मालाला बंडी, माणसांना रेंगी. बंडी जड, दणकट, कापसाची नि ज्वारीची. रेंगी हलकी, वेगळ्या बांध्याची. लेकीला सासरी पोचवायला, जत्रेला, वैद्याकडं न्यायला रेंगी किंवा दमणी जुंपली जायची. तिच्यावर कमानीचं छप्पर असे, खाली कडबा नि त्यावर गादी असे. ज्याच्या घरी दोन्ही नसत तो बंडीतच कडबा घालून माणसं नेई, पण निदान दोन वेगळ्या गरजा आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

लोकांच्या मनात केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी. बकासुराची गोष्ट इथं लहान पोरांनाही माहीत असते. गाडाभर अन्न, दोन बैल आणि एक माणूस, ही राक्षसाची रोजची मागणी. भीम निघाला तो अशा गाड्यावरून. सगळी जागा अन्नाची आणि हाकणारा एकटा. सिंगल केबिनची गाडी त्याच कामाची. माल पोचवायचा आणि एकट्यानं परत यायचं, एवढंच काम असेल तर तिच्याइतकी चोख गाडी दुसरी नाही. घरची चार माणसं सोबत निघाली की अडचण सुरू होते.

ही अडचण जगभरातल्या शेतकऱ्यांची आहे. ऑस्ट्रेलियात १९३०च्या दशकात गिप्सलँडमधल्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं, अशी तिथली प्रसिद्ध आठवण आहे. रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी गाडी तिला हवी होती. लुइस बँड्ट या तरुण आरेखकानं त्यावर मोटारीचं पुढचं अंग आणि मालाचं मागचं अंग एकत्र केलं आणि १९३४ मध्ये पहिली ‘यूट’ बाजारात आली. तरी तीत जागा दोघांचीच होती. चौघं-पाचजणं बसतील अशी केबिन पुढं १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरनं १९५७ मध्ये ‘ट्रॅव्हलेट’ काढली, जर्मनीत फोक्सवॅगननं १९५८ मध्ये आपल्या ट्रान्सपोर्टरला दुहेरी केबिन दिली. रस्ता बांधणाऱ्या, खांब रोवणाऱ्या टोळीला हत्यारांसकट कामावर न्यायचं, हा त्यामागचा मोठा हेतू होता. डबल केबिनचा जन्म असा कामगारांच्या बसण्यासाठी झाला. आज ती हौसेची गाडी म्हणून ओळखली जाते, पण तिचं मूळ विसरू नये.

आपल्याकडं १९४७ पासून महिंद्रानं विलीस जीप जोडायला सुरुवात केली आणि खेड्यापाड्यात माणूस नि माल एकत्र वाहणारी गाडी लोकांना ओळखीची झाली. १९८८ मध्ये ‘टाटामोबाइल २०६’ आली. २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, आला आणि बंडीचं उरलंसुरलं कामही इंजिनाकडं गेलं. रेंगीचं काम मात्र वाऱ्यावर राहिलं. ज्याची ऐपत होती त्यानं मोटार घेतली, बाकीच्यांची माणसं हौद्यात चढली.

केबिन तीन, आपल्या कामाच्या दोन

जगात पिकअपची केबिन तीन प्रकारची असते. पहिली सिंगल: दोन दारं, एक रांग. दुसरी मधली, जिला कुठं ‘किंग कॅब’, कुठं ‘स्पेस कॅब’ म्हणतात. तिच्यात पुढच्या सीटमागं हात-दीड हात जागा असते. थायलंडमध्ये ती फार चालते. इसुझुनं भारतातल्या सुरुवातीच्या दिवसांत अशी डी-मॅक्स आणली होती, पण ती आपल्याकडं रुजली नाही. त्या जागेत पिशव्या, जॅक, फवारणीचा पंप नीट राहतो, माणूस मात्र गुडघे छातीशी घेऊन बसतो. तिसरी डबल: चार दारं, दोन रांगा, पाच माणसं. तेव्हा आपली निवड सिंगल आणि डबलमध्येच.

सिंगलमध्ये या रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसते ती बोलेरो पिकअप आणि तिची नवी भावंडं, २०२३ मध्ये आलेली बोलेरो मॅक्स पिकअप. मॅक्सच्या मॉडेलांत वजनाची क्षमता १.३ टनापासून २ टनांपर्यंत आहे आणि मोठ्या मॉडेलचा हौदा ३,०५० मिमी, म्हणजे दहा फुटांचा आहे. टाटा योद्धाही याच वर्गातली. तिचं दोन टनांचं मॉडेल २०२२ मध्ये आलं.

डबलमध्ये दोन थर आहेत. खालच्या थरात कामाच्या गाड्या: बोलेरो कॅम्पर, योद्धाची क्रू केबिन, इसुझुची एस-कॅब. कॅम्परमध्ये चालकासह पाच माणसं आणि मागं एक टन माल, हौदा सुमारे पाच फूट. वरच्या थरात हौसेच्या, लांब प्रवासाच्या गाड्या: २०१६ मध्ये आलेली इसुझु व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स. आतून त्या मोठ्या मोटारीसारख्या आहेत. किंमतही तशीच, कॅम्परच्या अडीच पटीहून जास्त.

वहीतला हिशोब

केबिन निवडायची एक साधी रीत आहे. महिनाभर वही ठेवा. घराबाहेर गाडी लागेल अशी प्रत्येक खेप लिहा. माणसं किती, माल किती, वाट डांबरी की मातीची. गाडी नसली तरी लिहा: भाड्याची ऑटो केली, शेजाऱ्याची गाडी मागितली, एसटीनं गेलो, ते सगळं. जूनमधला एक महिना आणि दिवाळीनंतरचा एक, अशा दोन महिन्यांच्या नोंदी मिळाल्या तर उत्तम, कारण आपल्याकडं पेरणीची गाडी वेगळी आणि वेचणीची गाडी वेगळी असते.

या भागातलं एखादं घर डोळ्यासमोर धरू. आठ-दहा एकर कापूस, सोयाबीन नि तूर. पेरणीला खताची वीस पोती आणि सोबत दोन माणसं. ऑक्टोबरात सोयाबीन सेलूच्या बाजार समितीत. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रोज सकाळी सहा-सात बाया वेचणीला वावरात आणि संध्याकाळी कापूस घरी. महिन्यातून दोनदा म्हाताऱ्यांना सेवाग्राम किंवा सावंगीच्या दवाखान्यात न्यायचं. चतुर्थी, घोराडची जत्रा, उन्हाळ्यात लग्नं आणि वर्षातून एकदा महादेवाला पचमढीला जायचं. वहीत हे उतरलं की दिसतं की पूर्ण भरलेला हौदा लागतो असे दिवस वर्षात मोजके आहेत आणि दोनपेक्षा जास्त माणसं बसतात असे दिवस त्याच्या कितीतरी पट.

मालाचा हिशोब करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कापूस जागा खातो, सोयाबीन वजन खातं. कापूस कितीही तुडवला तरी टनाचा काटा गाठण्याआधी हौदा संपतो. कापसाच्या घराला म्हणून लांब हौद्याची ओढ असते आणि ती खरी आहे. सोयाबीन, तूर, खत, सिमेंट यांचं उलट आहे. कॅम्परच्या पाच फुटांच्या हौद्यातसुद्धा सोयाबीनची पोती रचली तर टन सहज भरून जातो. ज्याच्याकडं जड धान्य जास्त त्याला हौद्याची लांबी फारशी कामी येत नाही, गाडीची क्षमता कामी येते. संत्र्याचे क्रेट या दोन्हींच्या मधले.

माणसांचंही वजन असतं. पाच मोठी माणसं आणि त्यांच्या पिशव्या म्हणजे साडेतीनशे किलो. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन दोन्ही छापलेलं असतं. त्या दोहोंतल्या फरकात चालकापासून स्टेपनीशेजारच्या पाण्याच्या कॅनपर्यंत सगळं बसलं पाहिजे. म्हणून डबल केबिन पूर्ण भरली त्या दिवशी हौद्यात कंपनीनं सांगितलेला पूर्ण माल टाकू नये. शिवाय केबिननं पुढची जागा घेतल्यामुळं डबलचा हौदा मागं सरकलेला असतो. सिंगलमध्ये मालाचा बराच भार दोन ॲक्सलच्या मध्ये येतो, डबलमध्ये तो मागच्या ॲक्सलवर आणि थोडा त्याच्याही मागं येतो. जड पोती फाळक्याजवळ रचली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात सैल लागतं. जड माल केबिनच्या पाठीला लावून, हलका मागं, ही सवय डबलमध्ये पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

हौदा माणसांसाठी नाही

इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण केबिनची चर्चा शेवटी इथंच येते. वेचणीच्या दिवसांत सकाळी सात वाजता कुठल्याही फाट्यावर उभं राहा. डोक्याला रुमाल, कमरेला ओटी बांधलेल्या बाया पिकअपच्या हौद्यात उभ्या असतात. धरायला समोरच्या केबिनची जाळी, नाहीतर शेजारणीचा खांदा. वळणावर गाडी झुकते तशी सगळी रांग झुकते.

२० मे २०२४ रोजी छत्तीसगडच्या कवर्धा भागात तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या आदिवासी मजुरांची पिकअप दरीत कोसळली आणि १९ जीव गेले. ११ ऑगस्ट २०२५ ला श्रावणी सोमवारी पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायांची पिकअप घाटात उलटली. किमान दहा महिला गेल्या. एक मजुरीची खेप, एक देवदर्शनाची. केळझरच्या रस्त्यावर या दोन्ही खेपा रोज दिसतात. हौद्यात ना बेल्ट, ना छप्पर, ना धरायला काही. गाडी उलटली की केबिनमधला माणूस केबिनमध्ये राहतो, हौद्यातला बाहेर फेकला जातो.

कायद्याचं म्हणणं सरळ आहे. आरसीवर बसण्याच्या जितक्या जागा लिहिल्या तितकीच माणसं. त्याहून कडक बाजू विम्याची. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२च्या आशा राणी प्रकरणात स्पष्ट केलं. १९९४च्या दुरुस्तीनं मालाचा मालक किंवा त्यानं पाठवलेला माणूस विम्यात आला, पण तोही केबिनमध्ये बसलेला असला पाहिजे, असं न्यायालयानं २००७ मध्ये म्हटलं. कित्येक खटल्यांत ‘कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावेत’ असे आदेश होतात. जखमी माणसाला त्यानं आधार मिळतो, पण वसुली शेवटी कास्तकाराच्या वावरावर येते. सिंगल केबिनमध्ये वाचलेले लाख-दीड लाख रुपये एका वळणावर असे जाऊ शकतात. आणि ज्या घरची बाई त्या हौद्यातून गेली, तिचा हिशोब तर कुठल्याच वहीत मांडता येत नाही.

डबल केबिननं हा प्रश्न पूर्ण सुटतो असं मी म्हणणार नाही. सात-आठ बायांना चालकाशेजारच्या चार जागा पुरत नाहीत. पण दोन खेपा केल्या तर पुरतात. वावर गावापासून दोन-तीन किलोमीटरवर असेल तर दुसऱ्या खेपेला लागतात दहा-पंधरा मिनिटं आणि अर्धा-पाऊण लिटर डिझेल. सिंगल केबिनमध्ये चालकाशेजारी एक किंवा दोन जागा, म्हणजे तेवढ्याच बायांना चार ते आठ खेपा लागतील. त्या कुणी करत नाही, म्हणून हौदा भरतो. चांगलं वागणं सोपं व्हावं अशी गाडी घेणं, हाही निवडीचा भाग आहे.

कागदांच्या बाजूच्या दोन-तीन गोष्टी इथंच सांगतो. एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यापुढच्या गाडीला लागतं. हलक्या वाहनाचं लायसन असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलं, म्हणजे घरातल्या मुलाला किंवा मुलीला पिकअपसाठी वेगळं लायसन काढावं लागत नाही. आणि गाडीचं पासिंग पिवळ्या पाटीवर होणार की पांढऱ्या, हे बुकिंगच्या आधी लेखी घ्यावं. फिटनेसच्या फेऱ्या, कर आणि विम्याचा हप्ता, सगळं त्या पाटीवर ठरतं.

पांदण, चिखल, नाला

आता वाटेबद्दल. आपल्याकडं गाडी कच्च्या वाटेवर न्यायला डोंगर शोधावे लागत नाहीत. घरापासून वावरापर्यंतची पांदण पुरते. शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारनं २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली आणि काही पांदणींवर मुरूम पडला. बाकीच्या जुलै-ऑगस्टमध्ये जशा होत्या तशाच आहेत. काळी माती पाणी प्याली की फुगते, टायरच्या खाचांत चिकटते, चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो आणि गाडी फसते. रिकामी पिकअप तर सगळ्यात आधी फसते. तिचे पाटे टन-दीड टनासाठी घडवलेले, मागचं अंग हलकं, ताकद मागच्या चाकांना. चाक जागच्या जागी फिरतं आणि खड्डा करतं. जाणते चालक पावसाळ्यात रिकाम्या गाडीतही मागच्या ॲक्सलवर दोन-तीन पोती रेती टाकून ठेवतात, हवा थोडी कमी करतात आणि चाक फिरायला लागलं की रेस वाढवण्याऐवजी थांबतात.

केबिनचा याच्याशी संबंध लांबीतून येतो. थार या आखूड गाडीच्या दोन ॲक्सलमधलं अंतर २,४५० मिमी, कॅम्परचं ३,०१४, व्ही-क्रॉसचं ३,०९५. हे अंतर वाढलं की गाडीचं पोट बांधावर टेकतं. भूमितीनं पाहू. पोट जमिनीपासून २२ सेंमी उंच धरलं, तर थारइतक्या अंतराची गाडी सुमारे २० अंशांचा उंचवटा पोट न टेकवता ओलांडते, व्ही-क्रॉसइतक्या अंतराची सुमारे १६ अंशांचा. उंची तीच असून चार अंशांचा फरक पडतो आणि धुरा ओलांडताना तो खडखडाटानं कळतो. लांब हौद्याच्या सिंगल केबिनला दुसरी अडचण. तिची शेपटी मागच्या चाकाच्या बरीच मागं जाते आणि नाल्यातून वर चढताना जमिनीला घासते. वळणाचंही तसंच. पांदणीच्या दोन्ही बाजूंना बाभळी नि काट्यांचं कुंपण. त्यात सतरा फूट लांबीची व्ही-क्रॉस किंवा हायलक्स वळवायची म्हणजे मागं-पुढं, मागं-पुढं. सोळा फुटांची कॅम्पर थोडी सुटसुटीत. तेरा फुटांची थार झटक्यात वळते, पण तिच्यात पोतं कुठं टाकणार?

डबल केबिनची एक मोठी जमेची बाजू फारशी कुणी सांगत नाही. गाडीत सगळ्यात कमी हादरे बसतात ते दोन ॲक्सलच्या मधल्या जागेला. डबलची मागची सीट नेमकी तिथं असते. हौदा मागच्या ॲक्सलच्या डोक्यावर, सगळ्यात जास्त आपटणारा. एकाच खड्ड्यात मागच्या सीटवरची आजी हलते आणि हौद्यातली आजी उडते. पोटुशी बाई, पाठीचं दुखणं असलेला माणूस, तापानं फणफणलेलं पोर यांना पांदणीतून रस्त्यापर्यंत न्यायचं असेल तर हा फरक फार मोठा असतो.

फोर-बाय-फोर लागतं का? वावर मुरमाच्या वाटेवर असेल तर नाही. पावसाळ्याचे दोन-अडीच महिने काळ्या मातीतून रोज जायचंच असेल तर लागतं. कॅम्पर आणि योद्धा दोन्ही चारही चाकांच्या ताकदीत मिळतात, हे पुष्कळांना माहीत नसतं, कारण दुकानात ती मॉडेलं उभी नसतात, मागवावी लागतात. हायलक्स पाण्यातून ७०० मिमी खोलीपर्यंत जाते असं टोयोटा सांगते, पण तो आकडा उभ्या पाण्याचा मानावा. बोर आणि धाम या नद्यांना नि त्यांच्या नाल्यांना पूर चढतो तो बघता बघता. वाहतं पाणी गुडघ्याला आलं की कुठलीही गाडी, कितीही चाकांची असो, अलीकडच्या काठावर थांबवावी.

लांबची वाट आणि जंगल

केळझरजवळून दोन मोठ्या वाटा जातात. एक जुना नागपूर-वर्धा रस्ता, दुसरी म्हणजे सेलू तालुक्यातूनच गेलेला समृद्धी महामार्ग. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, मालवाहू गाड्यांना ८०ची. पिवळ्या पाटीच्या कॅम्परनं संभाजीनगरला जायचं ठरवलं तर हा फरक आधीच धरून निघावं. पाट्यांवरची रिकामी गाडी ८०च्या वर आरामाची राहतही नाही. व्ही-क्रॉस आणि हायलक्स तिथं शोभतात. पोरं मागं झोपतात, एअरबॅग आणि ब्रेकची साधनं मोटारीच्या तोडीची असतात. वर्षातून पाच-सहा वेळा चिखलदऱ्याला, पचमढीला, कोकणात सहकुटुंब जाणाऱ्या घराला त्यांची किंमत अंगी लागते. वर्षातून एकदाच जाणाऱ्यानं त्या दिवसांपुरती भाड्याची गाडी करावी आणि उरलेल्या पैशात विहिरीवर सोलर बसवावा.

बोर अभयारण्य आपल्या शेजारी आहे. १९७० मध्ये अभयारण्य, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प, देशातल्या सगळ्यात लहान प्रकल्पांपैकी एक. नव्या फोर-बाय-फोरची हौस भागवायला कुणी तिकडच्या नाल्यांत गाडी घालू नये. ते वाघाचं घर आहे, तिथं वनखात्याच्या नियमानं आणि त्यांच्याच गाड्यांनी जावं. वाट तुडवून पाहायची असेल तर आपल्या वावराची पांदण आहेच, आणि तिथं फसलो तर शेजारच्याचा ट्रॅक्टरही आहे.

मग कुणी काय घ्यावं

वहीतल्या नोंदींवरून आपलं घर कोणत्या गटातलं, ते ठरवता येतं. भाड्याचा माल हाच धंदा, दोन माणसांहून जास्त क्वचितच आणि घरी माणसांसाठी वेगळी मोटार आहे, तर सिंगल. तिच्यात हौद्याचा प्रत्येक फूट पैसा मिळवतो आणि तिथं डबलवर पैसे घालणं चूक ठरेल. मात्र त्या घरानं हौद्यात माणूस बसवायचा नाही, हे व्रत म्हणून पाळावं.

घरात एकच चारचाकी येणार, खेपेला माल टनाच्या आत आणि आठवड्यातून तीन-चार वेळा तीन किंवा जास्त माणसं, तर कामाची डबल केबिन. केळझर-सेलू भागातली बहुतेक कास्तकारांची घरं याच गटात येतात, असं मला वाटतं. कापसाच्या चार-सहा मोठ्या खेपांना भाड्याची मोठी गाडी करावी. तेवढ्या भाड्यापेक्षा वर्षभर माणसं बसवून नेण्याचं मोल जास्त आहे. वाट काळ्या मातीची असेल तर तीच गाडी फोर-बाय-फोरमध्ये मागवावी.

वरच्या थरातली डबल त्यांनी घ्यावी ज्यांचा लांबचा प्रवास खरोखर नेहमीचा आहे आणि वाटा खरोखर अवघड आहेत. आणि ज्यांना मालच नाही, फक्त कच्च्या वाटेवर फिरायचं आहे, त्यांनी पिकअपचा हट्ट सोडून थार किंवा जिमनीसारखी आखूड गाडी घ्यावी. पोट टेकणार नाही, पांदणीत वळेल आणि पार्किंगला जागा मिळेल.

गाडी पाहायला जाताना घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस सोबत न्या. डबलच्या मागच्या दारातून त्यांना स्वतःच्या पायांनी चढायला सांगा. पायरी किती उंच आहे, धरायला दांडी आहे का, दार पुरेसं उघडतं का, ते बघा. काही गाड्यांत मागच्या सीटची पाठ भिंतीसारखी ताठ असते, कारण तिच्या मागं लगेच हौदा सुरू होतो. म्हणून अर्धा तास बसूनच पाहावं, दोन मिनिटांत कंबर काही सांगत नाही. मागचे बेल्ट स्वतः ओढून बघा, तिघांना तीन आहेत का, नीट परत जातात का. मग तिथल्या पाच जागांवर घरातली पाच नावं मनात लिहून पाहा. कुणाचं नाव हौद्यात लिहावं लागत असेल तर ती गाडी तुमच्या घराची नाही.

चतुर्थीची ती आजी दर्शन घेऊन परत आली तेव्हा ऊन चढलं होतं. हौद्याचा पत्रा तापला होता. नातीनं आधी स्वतः वर चढून सतरंजी दुहेरी केली, मग आजीचे दोन्ही हात धरून तिला वर ओढलं. पुढच्या केबिनमध्ये चालकाशेजारची जागा दादांसाठी राखलेली होती. त्या दिवशी ती आजीला दिली असती तरी चाललं असतं. पुढची गाडी घेताना आजीची जागा आधी ठरावी आणि पोत्यांची नंतर, एवढंच माझं सांगणं आहे.